कानांत बोटें घालणारें मूल

आमच्या तुर्भ्यांत निवांतपणा असा फारसा कधीं नांदत नाहीं. पहाटे दोन-तीनच्या सुमारास कांदे-बटाट्यांचे व भाजीपाल्याचे ट्रक घाऊक बाजाराकडे वळूं लागतात. दिवस उजाडतो न उजाडतो तोंच माथाडी कामगारांच्या हांका, हातगाड्यांची खडखड आणि भोंगे यांचा एकच कल्लोळ होतो. मसाला-बाजारावरून वारा आला म्हणजे सुक्या मिरचीचा ठसका रस्त्यापलीकडच्या माणसासही लागतो. एका बाजूस ठाणें-बेलापूर रस्ता, दुसऱ्या बाजूस शीव-पनवेल मार्ग, मध्यें कारखाने, आणि सन २००४ पासून ठाणें-वाशी मार्गावरील उतारूंच्या गाड्या. येथें राहणारा मनुष्य या सर्वांस इतका सरावून जातो कीं, बाहेरगांवचा पाहुणा “तुम्हांला झोंप तरी कशी लागते?” असें विचारतो तेव्हां कोठें त्यास या आवाजाची आठवण होते.

हें सरावणें वरवर पाहतां क्षुल्लक दिसतें. परंतु तें मेंदूचें एक मोठें काम आहे, आणि प्रत्येक मुलाच्या मेंदूस तें सारखेंच साधतें असें नाहीं. ज्यांस तें साधत नाहीं त्या मुलांविषयीं, व विशेषतः त्यांच्या आईबापांसाठीं, चार शब्द लिहावे असें बरेच दिवस मनांत होतें. त्यास कारणही तसेंच घडलें.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या पांचवीच्या वर्गांत एक मुलगा होता. अभ्यासांत बरा, गणितांत तर चांगलाच. परंतु तास संपण्याची वेळ आली कीं तो कानांत बोटें घालून, मान खालीं करून बसे, आणि घंटा होऊन गेली म्हणजे बोटें काढी. मला वाटे, हा माझ्या शिकविण्याची थट्टा करतो. रांगेंत उभा असतां मागच्या मुलाचा हात नुसता निसटता लागला तरी हा गर्रकन् वळून त्यास ढकली. आणि जून महिन्यांत सारा वर्ग नव्या कोऱ्या गणवेषांत आला असतां हा गेल्या वर्षींचा विटका, आंखूड सदरा घालून आला. असे तीन अपराध झाले. मीं त्याला बांकावर उभें केलें, व चिठ्ठी देऊन त्याच्या आईस बोलाविलें.

ती बाई बाजारांत कांदे निवडण्याच्या कामास जात असे. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून ती आली आणि दाराशींच उभी राहिली. म्हणाली, “सर, नवा शर्ट त्याला टोचतो म्हणतो. मारून पाहिलं, उपाशी ठेवून पाहिलं, पण अंगाला लावू देत नाही. घरचे म्हणतात, मीच लाडावून ठेवलाय. खरंच टोचत असेल का हो?”

मीं हंसून “छे, अहो कसलें टोचणें!” असें उत्तर दिलें. तें उत्तर चुकीचें होतें. त्याला सदरा खरोखरच टोचत होता, घंटा खरोखरच सोसत नव्हती. आणि त्या माउलीनें विचारलेला प्रश्न हाच या साऱ्या विषयाचा गाभा होता. हें मला पुढें एका जाणत्या उपचारतज्ज्ञ बाईंकडून कळलें. तोंपर्यंत सहा महिने मीं त्या मुलास शिक्षा केल्या होत्या.

आतां मूळ विषयाकडे वळूं. ज्ञानेंद्रियें पांच, असें आपण पाठ करतों. वस्तुतः आणखी तीन प्रकारच्या संवेदना मेंदूकडे अहोरात्र जात असतात. पहिली तोलाची: कानाच्या आंतल्या भागांत तीन अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांच्याजवळ दोन लहान पिशव्या असतात, डोकें कोणत्या बाजूस कललें, शरीर फिरतें आहे कीं स्थिर आहे, याची वर्दी त्या देतात. दुसरी स्नायू व सांधे यांची. विद्यार्थी मित्रहो, डोळे मिटून आपलें बोट नाकाच्या शेंड्यास लावून पाहा. न पाहतां तें बरोबर लागतें, याचें कारण हात कोठें आहे तें स्नायू मेंदूस कळवितात. शेरिंग्टन नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०६ सालीं या संवेदनेस स्वतंत्र नांव दिलें. तिसरी शरीराच्या आंतून येणारी: भूक, तहान, पोट भरल्याची किंवा लघवीस लागल्याची जाणीव.

या सर्व वर्द्या एकाच वेळीं मेंदूंत येऊन थडकतात. बाजारांत आलेली प्रत्येक गोण जशी मापाड्याच्या कांट्यावर चढते, तिचें वजन ठरतें आणि मग ती कोणत्या गाळ्यांत जावयाची तें ठरतें, तद्वत् मेंदूही प्रत्येक संवेदना तोलतो. पंख्याची घरघर टाकून द्यावयाची, शिक्षकांचा आवाज ठेवावयाचा, सदऱ्याची शिवण विसरावयाची. कांहीं मुलांचा हा कांटा निराळ्या प्रमाणावर लागलेला असतो. शिवणीचा स्पर्श हा छटाकभर माल. तुमच्या-आमच्या कांट्यावर तो दिसतही नाहीं. त्या मुलाच्या कांट्यावर तो मणभर भरतो. मूल खोटें बोलत नसतें. कांट्यावर जो आंकडा दिसतो तोच तें आपणांस सांगत असतें.

उलट प्रकारचीही मुलें असतात. त्यांच्या कांट्यावर मणभर मालही छटाकभर दिसतो. त्यांस चार वेळां हांक मारली तरी ऐकूं येत नाहीं, गुडघा फुटून रक्त वाहिलें तरी घरीं येईपर्यंत पत्ता नसतो. कित्येक मुलें तर ही उणीव भरून काढण्याकरितां सारखी संवेदना शोधीत हिंडतात: जिन्याच्या चौथ्या पायरीवरून उडी मारतील, भिंतीस धडक देतील, सदऱ्याची कॉलर व पेन्सिलीचें टोंक चघळतील, दुसऱ्याच्या अंगावर जाऊन आदळतील. यांस आपण दांडगीं म्हणतों. पहिल्या प्रकारच्या मुलांस नाजूक, रडवीं किंवा लाडावलेलीं म्हणतों. एकाच मुलाचा कांटा आवाजाच्या बाबतींत फार हलका व दुखण्याच्या बाबतींत फार जड असाही असूं शकतो, म्हणून आईबाप अधिकच गोंधळून जातात.

या गोष्टीचें शास्त्रशुद्ध विवेचन प्रथम डॉ. जीन एअर्स या अमेरिकन विदुषींनीं केलें. त्या कॅलिफोर्नियांत व्यवसायोपचाराचें, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचें, काम करीत. त्यांचा मुख्य ग्रंथ १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. येथें ‘व्यवसाय’ या शब्दानें वाचकांनीं फसूं नये. पोटापाण्याचा उद्योग असा त्याचा अर्थ नव्हे. जेवणें, कपडे घालणें, खेळणें, लिहिणें हाच लहान मुलाचा व्यवसाय. तो त्यास नीट करतां यावा म्हणून जो उपचार तो व्यवसायोपचार.

आपणां महाराष्ट्रीयांस या विद्येची ओळख कोणी करून दिली ती हकीकत विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. एलिझाबेथ लंडी नांवाच्या एका अमेरिकन तरुणीनें निंबकर कुटुंबांत विवाह केला व ती कमलाबाई निंबकर झाली. हिंदुस्थान हेंच तिनें आपलें घर मानलें. पुढें अमेरिकेंत जाऊन व्यवसायोपचाराचें रीतसर शिक्षण तिनें घेतलें, आणि १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत या विद्येची शाळा काढली. आशिया खंडांतील ही अशा प्रकारची पहिली शाळा होय. १९५२ सालीं या उपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना निघाली तिच्या पहिल्या अध्यक्षाही कमलाबाईच. त्याच सालीं जागतिक संघटना स्थापन झाली, तींतही भारत हा संस्थापक देशांपैकीं एक होता. फलटण येथें शेतीच्या संशोधनाबद्दल नांवाजलेले बनबिहारी निंबकर हे यांचेच चिरंजीव. मुंबईच्या शीव व नायर रुग्णालयांतही आज हें शिक्षण दिलें जातें. तात्पर्य, तुर्भ्याहून लोकलनें जातां येईल इतक्या अंतरावर या विद्येचें आशियांतील माहेर आहे, आणि आपणांपैकीं कितीकांस तिचें नांवही ठाऊक नाहीं! मला नव्हतें, हें वर सांगितलेंच आहे.

आतां, हा स्वतंत्र रोग आहे काय? याविषयीं डॉक्टरांत मतभेद आहे. अमेरिकेंतील मनोरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१३ सालीं आपल्या रोगसूचीची जी पांचवी आवृत्ति काढली तींत ही अडचण निराळा रोग म्हणून घेतलेली नाहीं. स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, लक्षणांत मात्र ती घातली आहे. स्वमग्न मुलांपैकीं पुष्कळांस ही अडचण असते. परंतु ही अडचण असलेलें प्रत्येक मूल स्वमग्न असतें असें मुळींच नाहीं. अमेरिकेंतीलच एका शालेय विभागांत बालवर्गाच्या पालकांना प्रश्न विचारून केलेली पाहणी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. तींत शंभरांत सुमारें पांच मुलांस अशी अडचण असल्याचें पालकांच्या उत्तरांवरून दिसलें. नांव काय द्यावें हा विद्वानांचा वाद आहे. सदरा टोचतो कीं नाहीं, हा घरांतला प्रश्न आहे, व तो वादाचा निकाल लागेपर्यंत थांबत नाहीं.

“पण हा निव्वळ हट्ट कशावरून नव्हे?” असें घरांतील वडील मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. हट्ट करणारें मूल मधून मधून डोळ्यांच्या कोपऱ्यांतून आपणांकडे पाहत असतें. हवी ती वस्तु मिळाली कीं त्याचें रडें थांबतें. पाहणारें कोणी नसलें तर तें लवकर ओसरतें. ज्याच्या संवेदनांचा भार असह्य झाला आहे तें मूल कोणी पाहो वा न पाहो, आकांत करतें. खाऊ दिला तरी थांबत नाहीं, रागें भरलें तर अधिकच भडकतें. शेवटीं घामाघूम होऊन, थकून निपचित पडतें, आणि मोठें असेल तर मागाहून लाजतें. शिवाय हट्टाचे विषय रोज बदलतात. हें मात्र ठराविक गोष्टींभोंवतीं फिरतें: केस कापणें, नखें काढणें, लग्नाची गर्दी, कुकरची शिटी, वरणांत आलेली मोहरी. अर्थात् असें मूल हट्ट करीतच नाहीं असें नाहीं. तेंही मूलच आहे, आणि सर्व मुलांच्या सर्व युक्त्या त्यास अवगत असतात! म्हणून पालकांनीं एक साधी वही करावी. दोन-तीन आठवडे, केव्हां बिनसलें, त्यापूर्वीं काय घडलें, कोणता आवाज, वास किंवा स्पर्श होता, झोंप व जेवण झालें होतें काय, एवढें दोन ओळींत टिपावें. अशा वहींतून जें दिसतें तें आठवणींतून दिसत नाहीं.

वही घेऊन प्रथम मुलांच्या डॉक्टरांकडे जावें. कान फुटला असेल, ऐकूं किंवा दिसूं कमी येत असेल, दांत किडला असेल, अंगावर खरूज असेल, पोट साफ होत नसेल, तर मूल यांपैकीं पुष्कळ गोष्टी करतें. जें मूल मोजकेच दोन-तीन पदार्थ खातें त्याचें वजन व रक्त तपासून घ्यावें. तीव्र अडचण एकाएकीं उद्भवली असेल तर विलंब करूंच नये.

घरीं काय करावें? येथें मला थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे. कारण पाश्चात्य ग्रंथांत सांगितलेली ‘संवेदनांची खोली’, तिच्यांतील झुले व गाद्या, हें सर्व ज्या घरांत सहा माणसें एका खोलींत झोंपतात तेथें कोठून आणावयाचें? सुदैवानें त्यांतील तत्त्व खोलीवर अवलंबून नाहीं.

तत्त्व असें कीं, हलका, निसटता व अवचित स्पर्श अशा मुलास सोसत नाहीं. घट्ट, सावकाश व आधीं सांगून केलेला स्पर्श पुष्कळदां त्यास शांत करतो. टेंपल ग्रँडिन या १९४७ सालीं जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापिका स्वतः स्वमग्न आहेत. लहानपणीं कोणी मिठी मारावी अशी त्यांस ओढ असे, पण मारली कीं ती असह्य होई. मावशीच्या गुरांच्या वाड्यांत त्यांनीं पाहिलें कीं, टोचण्याकरितां गाईंना दोन फळ्यांच्या मध्यें हलकेंच दाबून धरलें म्हणजे बुजलेल्या गाई निवांत होतात. त्यांनीं स्वतःसाठीं तसेंच यंत्र तयार केलें. त्यांतील दाब कमी-अधिक करण्याची कळ स्वतःच्या हातीं ठेवली. दाब किती व केव्हां, हें मुलाच्या हातीं असावें, हा या हकीकतींतील खरा धडा आहे.

आपल्या आज्यांना हें तत्त्व पुस्तकावांचून माहीत होतें असें मला वाटतें. बाळास तेल लावून रगडणें, धुतलेल्या मऊ लुगड्यांत घट्ट गुंडाळणें, झोळींत घालून एका लयींत झोंके देणें, पाठीवर थोपटणें. मोठेपणीं पाणी भरणें, जातें ओढणें, फुगड्या घालणें, मल्लखांब करणें: यांत तोल व स्नायू यांस भरपूर संवेदना मिळते. आतां आपण पाणी नळानें आणलें, दळण गिरणींत दिलें, आणि मुलाला मोबाइल देऊन गप्प बसविलें. पूर्वीं अशीं मुलें नव्हतीं असें मी म्हणत नाहीं. होतीं, व मारही खात होतीं. परंतु कांहींचें थोडेंफार काम अंगमेहनतीनें आपोआप होऊन जात असावें.

म्हणून घरांतील जड कामें या मुलांस मुद्दाम द्यावीं. कणीक तिंबणें, भरलेली बादली उचलणें, गव्हाची पिशवी गिरणीपर्यंत नेणें, पलंग सरकविणें, जिना चढणें. अभ्यासापूर्वीं किंवा गर्दींत जाण्यापूर्वीं दहा-पंधरा मिनिटें असें काम झालें तर पुष्कळ मुलें अधिक स्थिर बसतात. काम हें शिक्षा म्हणून देऊं नये, नाहींतर सर्व ओमफस. नवा सदरा दोन-तीनदां धुऊन मऊ करावा, मानेवरची चिठ्ठी उसवून टाकावी, आंत जुना सुती बनियन घालावा. शिवण फारच टोचत असेल तर बनियन उलटा घालावा. आंतून कोण पाहतो? अंघोळींत हलक्या हातानें चोळण्यापेक्षां पंचानें दाबून पुसावें. नखें अंघोळीनंतर, मऊ झाल्यावर, एका दिवशीं दोन बोटांचीं काढलीं तरी चालतात. पांच दिवसांत दहा होतात.

घरांत एक कोपरा त्याचा म्हणून ठरवावा. कपाटाच्या मागें किंवा टेबलाखालीं एक जाड गोधडी टाकली कीं पुरे. तेथें तें गेलें म्हणजे कोणीं हांका मारूं नयेत, उपदेश करूं नये, व तेथें शिक्षा म्हणून कधींही पाठवूं नये. बाजारांत हल्लीं वजनदार पांघरुणें विकतात. लहान मुलावर असें पांघरूण घालणें धोक्याचें आहे, तें वैद्यकीय सल्ल्यावांचून घेऊं नये. मिरवणूक किंवा फटाके यांच्या वेळीं कान झांकण्याचें साधन जरूर द्यावें, पण तें दिवसभर लावून ठेवूं नये. शांततेची फार सवय झाली म्हणजे साधा आवाजही मोठा भासूं लागतो. आणि जें मूल दुखणें ओळखत नाहीं त्याचें अंघोळीचें पाणी मोठ्या माणसानें हात घालून पाहावें, खेळून आल्यावर हातपाय तपासावे; तेथें उपेक्षा झाली तर भाजणें किंवा जखम चिघळणें ठरलेलें.

जेवणाच्या बाबतींत बळजबरी सर्वांत वाईट. तोंड दाबून भरविलेला घांस पोटांत गेला तरी त्या पदार्थाचें वैर जन्मभर राहतें. त्यास आवडणारा भात ताटांत असावाच. नवी भाजी नखाएवढी, भातास न लागेल अशी, एका कडेस वाढावी व तिच्याविषयीं कोणीं चकार शब्द काढूं नये. प्रथम नुसतें पाहणें, मग हुंगणें, मग बोटानें शिवणें, मग जीभ लावणें. यास महिने लागतात. आजीस हें पटविण्यास कधीं कधीं त्याहूनही अधिक लागतात.

साने गुरुजींचें ‘श्यामची आई’ हें १९३५ सालीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक आपणां सर्वांच्या घरीं असतें. त्यांत अंघोळ झाल्यावर ओले तळवे जमिनीस लागूं नयेत म्हणून श्याम अडून बसतो, ती गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढें आईनें केलेला उपदेश आपण मुलांकडून पाठ करून घेतों. त्याच्या आधीं तिनें काय केलें, तिकडे आपलें लक्ष जात नाहीं. तिनें दगडावर आपले ओचे पसरले. श्यामला कांहीं व्याधि होती असें मला सुचवावयाचें नाहीं. ओचे आधीं व उपदेश मागाहून, हा क्रम मात्र माझ्या फार उशिरां ध्यानांत आला.

उपचाराविषयीं स्पष्ट बोलणें इष्ट आहे, कारण येथें पालकांचा पैसा जातो. झुले, उतरते फळे, चेंडू इत्यादींच्या साह्यानें खेळाच्या रूपानें हा उपचार देतात. त्याचा गुण किती येतो याबद्दल एकमत नाहीं. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१२ सालीं असें म्हटलें कीं, या उपचाराचा पुरावा अद्याप थोडा आहे हें पालकांस सांगावें. २०१४ सालीं बत्तीस स्वमग्न मुलांवर केलेल्या एका अमेरिकन प्रयोगांत, पालकांनींच ठरविलेलीं उद्दिष्टें साधण्यास उपयोग झाल्याचें आढळलें. उलट वेल्स व इंग्लंड येथील १३८ मुलांवरील प्रयोगाचा निकाल २०२२ सालीं आला. त्यांत नेहमींच्या उपचारापेक्षां वागणुकींत अधिक सुधारणा दिसली नाहीं. माझें मत असें कीं, उपचार अवश्य करावा, पण उद्दिष्ट लहान व मोजतां येण्याजोगें ठरवून करावा. ‘मूल सुधारावें’ हें उद्दिष्ट नव्हे. ‘तीन महिन्यांत न रडतां केस कापून घ्यावे’ हें उद्दिष्ट होय. तेवढ्या मुदतींत कांहींच फरक दिसला नाहीं तर तज्ज्ञांस तसें सांगावें व मार्ग बदलावा. जो कोणी खात्रीनें पूर्ण बरें करतों म्हणेल, त्याच्या दारांतूनच परत फिरावें.

नवी मुंबई महानगरपालिकेचें दिव्यांग मुलांसाठींचें शिक्षण व उपचार केंद्र वाशी येथें आहे. तुर्भ्याहून गाडीनें गेल्यास मध्यें सानपाडा हें एकच स्थानक लागतें. मुंबईस के. ई. एम., शीव व नायर या पालिकेच्या रुग्णालयांत व्यवसायोपचाराचे विभाग आहेत. मुलांच्या वाढींतील अडचणींचें काम करणारी ‘उम्मीद’ ही संस्था २००१ पासून मुंबईंत आहे. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालीं जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत एकवीस प्रकार घातले आहेत. त्यांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहेत, ही अडचण स्वतंत्रपणें नाहीं. म्हणून केवळ हिच्याकरितां प्रमाणपत्र मिळेल अशा आशेनें हेलपाटे घालूं नयेत.

शाळेचें काय? सन २००० च्या ध्वनिनियमांप्रमाणें शाळेभोंवतालचा शंभर मीटरांचा टापू शांतता-क्षेत्र ठरवितां येतो, व अशा क्षेत्रांत दिवसा पन्नास डेसिबलहून अधिक आवाज नसावा, भोंगा तर वाजवूंच नये. आमच्या रस्त्यावरील ट्रकचालकांची व या नियमांची अद्याप गांठ पडलेली दिसत नाहीं. परंतु वर्गाच्या आंत पुष्कळ करतां येतें. अशा मुलास दारापासून, घंटेपासून व पंख्याच्या खडखडाटापासून दूर, शक्य तर भिंतीलगत बसवावें, म्हणजे मागून कोणाचा धक्का लागत नाहीं. रांगेंत शेवटीं उभें करावें. कवायतीच्या ढोलाजवळ उभें करूं नये. चुळबुळ वाढली म्हणजे वह्यांचा गठ्ठा घेऊन दुसऱ्या वर्गांत पाठवावें. शिक्षकाचें काम होतें व त्याचेंही.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्या बांकावर असा एखादा सोबती असेल. त्यास मागून टपली मारणें, गुदगुल्या करणें, कानाशीं पिशवी फोडणें, यांत तुम्हांला गंमत वाटते. तुमच्या गुदगुलीचें त्याच्या कांट्यावर किती वजन भरतें तें तुम्हांला दिसत नाहीं. त्याच्याशीं बोलावयाचें तर समोरून जाऊन बोला. एवढेंच पुष्कळ झालें. तो तुमच्या वाढदिवसास आला नाहीं, तर तो गर्विष्ठ आहे असें समजूं नका. दुसऱ्या दिवशीं त्याचा लाडू त्यास नेऊन द्या.

माझ्या त्या विद्यार्थ्याकडे पुन्हां वळतों. त्या उपचारतज्ज्ञ बाईंकडून सर्व कळल्यावर मी त्याच्या आईस भेटावयास बाजारांत गेलों. कांद्यांच्या राशींजवळ ती बसली होती. मीं म्हटलें, “बाई, त्या दिवशीं तुम्हीं विचारलेंत, खरंच टोचत असेल का. टोचत होतें. माझें चुकलें.” ती कांहीं वेळ गप्प राहिली, मग हातांतला कांदा टोपलींत टाकून म्हणाली, “मग मी मारलं त्याचं काय, सर?” याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मीं एवढेंच म्हटलें कीं, मींही शिक्षा केली आहे, आपण दोघेंही त्याला तसें सांगूं. आम्हीं तसें सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें व “बरं” म्हटलें.

त्यानंतर घंटेच्या पांच मिनिटें आधीं मी त्याला फळ्यावर वेळ लिहावयास बोलावूं लागलों. घंटा केव्हां होणार हें कळूं लागलें म्हणजे ती निम्मी हलकी होते, असें तोच मला म्हणाला. स्नेहसंमेलनांत समूहगीताच्या रांगेंत उभें राहणें त्यास जमेना, तेव्हां पडदा ओढण्याचें काम त्यानें मागून घेतलें. पडदा जाड होता, दोर जाड होता. तीन तास त्यानें तो एकट्यानें ओढला. गणवेष आतां तो नवा घालतो, पण सहा वेळां धुतलेला. फटाके अजून सोसत नाहींत. दिवाळीचे चार दिवस त्याची आई त्यास घेऊन आपल्या माहेरीं, डोंगराकडच्या गांवीं, जाऊन राहते.